गुंडाळती जाळी

नव्या घराच्या दाराला जाळी बसवायची असं प्रवीण म्हणाला आणि बनाबाईने जेवणाचं ताट पुढे सरकवलं. सरकवलं म्हणजे ढकललंच. वाटीतली आमटी हिंदकळून सुनेच्या साडीवर उडाली. जयमाला शाळेत शिकवायला निघालेली, साडी धुतलेली, इस्त्रीची. तरी तिने नुसता डाग पुसला. सासूच्या रागापुढे लगेच तोंड उघडायचं नसतं, हे ती लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात शिकली होती.

"या घराला जाळी लागली," बनाबाई म्हणाली, "तर मी भाईर पायरीवर झोपंन. मंग डास चावू द्या न्हाई तर इच्चू."

"आई, आधी ऐकून तरी घे," प्रवीण म्हणाला.

"लई ऐकलंय म्या जाळीआडून. तू जलमायच्या आधीपासून ऐकतीय."

आता कुणी म्हणेल, एका जाळीच्या दारावर एवढं डोक्यात राख घालून घ्यायचं कारण काय. तसं म्हणणाऱ्याने एकदा भर उन्हात जाळीच्या बाहेर उभं राहून पाहावं. भिंगारच्या लष्करी कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांना तशी दारं असायची. लाकडी चौकट, तिच्यात हिरवी बारीक जाळी आणि आपोआप मिटायला स्प्रिंग. आतल्या माणसाला बाहेरचा चेहरा, त्यावरचा घाम, डोळ्यांतलं पाणी, सगळं दिसतं. बाहेरच्याला नुसता काळोख. अशाच एका बंगल्यावर बनाबाई भांडी घासायला होती आणि तिचा नवरा कचरू तिथली बाग बघायचा. साहेब येत, बदली होऊन जात. जाळी मात्र तीच राही. बनाबाई चुकून पुढच्या व्हरांड्यात चढली की आतून आवाज यायचा, "कौन है? पीछे से आओ." बोलली ती मेमसाब, तिची बहीण की कुणी पाहुणी, हे कधी कळायचं नाही. तोंड दाखवायचं नाही आणि हुकूम सोडायचा, ही कुठली माणसांची रीत? बनाबाईच्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि ती मुकाट मागच्या दाराला जायची.

कचरू गेला त्या सकाळचं तर बोलायलाच नको. तापाने फणफणून तो पहाटे गेला. पाहुण्यांना निरोप धाडून झाले, आणि बनाबाई बंगल्यावर सांगायला गेली, कारण न सांगता खाडा केला तर काम जायचं. त्या दिवशी ती पुढूनच गेली. नवरा मेल्याची खबर मोरीपाशी उभं राहून सांगायची नाही, असं तिने वाटेत ठरवलं होतं. जाळीआड बाईमाणसाचा आवाज चालला होता. मेमसाब कुणाशी तरी बोलत असतील म्हणून ती अदबीने थांबली. आवाज थांबल्यावर पदर सावरून तिने सांगितलं. ताप कधी आला, अंग कसं कापत होतं, पाणी कसं मागितलं, सगळं सांगितलं. सांगून झालं आणि आतून गाणं लागलं. जाळीआड माणूस नव्हतंच. रेडिओ होता.

ही गोष्ट बनाबाईने पुढे किती जणांना सांगितली याला गणती नाही. माणसाचं दुःख शिळं झालं की ते सांगायला रंग चढतो. ती दाराच्या फळीआड उभी राहायची, पदर तोंडावर घ्यायची आणि नाकातून बोलायची, "कौन है? पीछे से आओ." ऐकणाऱ्या बायका आधी हसायच्या आणि मग डोळे पुसायच्या. नात दीपा तर हसून लोळायची. "आजी, परत मेमसाब कर," म्हणून हट्ट धरायची. गोष्टीचा शेवटही ठरलेला होता. "मंग म्या पदर खवला," बनाबाई सांगायची, "त्या पायरीवर थुकले, अन् तिथूनच माघारी फिरले. पुन्यांदा त्या भांड्याला हात लावला न्हाई." हे सांगताना तिची मान ताठ व्हायची.

तर अशा बाईसमोर प्रवीणने जाळीचं नाव काढलं होतं. त्याचाही दोष नव्हता. तो टेलिफोन खात्यात होता. नवराबायकोच्या पगारातून भिंगारमध्ये नाल्याच्या अंगाला जागा घेतली, तीन खोल्या बांधल्या, बाहेरच्या खोलीत बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो लावला. सगळं मनासारखं झालं, पण नाल्याचे डास कुणाच्या मनाला विचारत नाहीत. पहिल्याच पावसाळ्यात दीपाला हिवताप भरला. सात वर्षांची पोर गोधड्यांखाली थडथड उडत होती. रक्त तपासलं, गोळ्या झाल्या, पोर वाचली. पण तेव्हापासून दिवस कलला की जयमाला दार लावून घ्यायची आणि बनाबाई उठून ते उघडायची. दिवसाउजेडी दार लावलेलं घर बनाबाईला घर वाटतच नव्हतं. दोघींच्या मध्ये दाराच्या बिजागऱ्या रडकुंडीला आल्या होत्या.

"तूच चल दुकानात," शेवटी प्रवीण म्हणाला. "तुला आवडली नाही, तर नाही घेणार. माझा शब्द."

नगरच्या बाजारात राधाकृष्णशेठचं प्लायवुडचं आणि जाळ्यांचं दुकान होतं. शेठने आधी नेहमीचीच दारं दाखवली. लाकडी चौकट, हिरवी जाळी, स्प्रिंग. बनाबाईने त्यांच्याकडे पाठच केली. मग शेठने नोकराकरवी कोपऱ्यातला कपडा काढला. तिथे एका रिकाम्या चौकटीत नमुन्यादाखल नवीनच प्रकार बसवला होता. बाजूला उभी अरुंद पेटी, तिच्यातून करड्या रंगाची पातळ जाळी बाहेर ओढायची, दुसऱ्या कडेला अडकवायची. आतून एक छोटी खिट्टी. खिट्टी काढून सोडली की जाळी सळकन पेटीत गुंडाळून जायची आणि दारात काहीच उरायचं नाही.

"पुण्यात नवीन बंगल्यांना हीच लावतात आता," शेठ म्हणाले. "नगरमध्ये फक्त आपल्याकडं."

बनाबाईने जाळी ओढली. सोडली. पुन्हा ओढली. तिला ती वस्तू आवडली, हे प्रवीणला तिच्या बोटांवरून कळलं. एवढ्यावर शेठ थांबते तर सौदा झाला असता. पण विकणाऱ्याची जीभ, ती कुठली राहते तोंडात?

"आणि यात खरी मजा काय माहितीये का आजी? तुम्ही आत खुर्चीत बसा. बाहेर कोणी मागणारी आली, विकणारी आली, कामवाली उचल मागायला आली, त्यांना आतलं काही दिसत नाही. तुम्हाला सगळं दिसतं. उठायचंसुद्धा नाही. आतूनच वाटेला लावायचं."

प्रवीणने डोळे मिटून घेतले.

"शेट," बनाबाई म्हणाली, "तुमी जरा आत हुभं राहा बरं."

शेठ हसत हसत चौकटीपलीकडे दुकानाच्या अंधाऱ्या बाजूला गेले. बनाबाईने जाळी ओढून अडकवली आणि ती रस्त्याच्या उजेडाच्या बाजूला उभी राहिली.

"आता बोला. सांगा जाळीचे गुन."

"जाळी एकदम मजबूत. गंजत नाही, धुता येते..."

"तुमचं तोंड दिसंना शेट. तुमी हासताय का दात खाताय, मला काय कळंना. अशा मानसाचा माल म्या का घ्यावा?"

शेठचं हसणं ऐकू आलं, पण जरा कसनुसं. बनाबाईचा आवाज चढला. "विकनारी आली, मागनारी आली. आवं, ती बाई मीच हुते. चाळीस घरांच्या पायऱ्या झिजवल्या म्या. तुमाला मजा वाटती व्हय मानसाला भाईर उन्हात ठिवून आतून बोलायची? उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. मला न्हाई घ्यायची तुमची मजा." आणि ती चपला घालून रस्त्याला लागली. प्रवीण मागून धावला. शेठ अजून जाळीपलीकडेच उभे होते, खिट्टी कुठल्या बाजूने काढायची ते विसरून.

घरी आल्यावर तिने तो सगळा प्रकार जयमालाला नकलेसकट सांगितला. तिला वाटलं, सून तरी म्हणेल, चांगली जिरवलीत. जयमाला दीपाच्या वह्या तपासत बसली होती. तिने वही मिटली.

"झालं तुमचं सांगून, आत्या? आता मी बोलू?"

बनाबाई चपापली. हा आवाज नवा होता.

"पोर तापात बरळत होती तेव्हा उशापाशी मी बसले होते. तुम्हीही होतात. तुम्ही तिचे पाय चोळत काय म्हणालात, आठवतंय? यांच्यासारखंच अंग कापतंय म्हणालात. मामंजींसारखं." जयमाला थांबली नाही. "मामंजी तापानं गेले. त्या बंगल्यातलं कुणी गेलं का तापानं? साहेब गेला? मेमसाब गेली? त्यांची पोरं गेली? जाळी त्यांच्या दाराला होती म्हणून नाही गेली. आपल्या दाराला नव्हती म्हणून मामंजी गेले. आणि तुम्ही राग कुणावर धरलात, तर जाळीवर. जाळीनं काय केलं हो? ती माणसं वाईट होती. त्यांच्यापायी माझ्या पोरीनं मरायचं का?"

असं बोलणं म्हणजे सासूच्या वर्मावर बोट नव्हे, अख्खा हातच ठेवणं होतं. प्रवीण उठून बाहेर निघून गेला. बनाबाई भिंतीला टेकून खाली बसली. नवऱ्याच्या मरणाचा हा हिशेब तिने कधी असा मांडलाच नव्हता. आजवर ती रेडिओवरच चिडत आली होती. बंगल्यात मच्छरदाण्या होत्या, जाळ्या होत्या, फवारणीला माणूस यायचा. आणि वस्तीतल्या आपल्या खोलीत, डबक्याशेजारी, कचरू उघड्या दारात झोपायचा. हे सगळं तिने डोळ्यांनी बघितलं होतं आणि तिला कधी राग आला नव्हता. आता आला. इतका आला की तिला स्वतःचाच संताप आला.

"घिऊ," ती अखेर म्हणाली. "पन ती गुंडाळायची घिऊ. स्प्रिंगची न्हाई."

"चालेल."

"अन् एक सांगते. या घरात जाळीआडून कुनी बोलायचं न्हाई. दारात कुनी बी येऊ दे, भाजीवाली येऊ दे न्हाई तर कलेक्टर. आधी उठायचं, जाळी सारायची, तोंड दावायचं, मंग शबूद. डास आले तर येऊ द्या तेवढे."

"मला कबूल आहे," जयमाला म्हणाली, आणि तिने डोळे पुसले.

जाळी बसली. राधाकृष्णशेठने माणूस पाठवला, स्वतः काही आले नाहीत. बनाबाईने तो नियम असा पाळला आणि असा पाळून घेतला की सगळी गल्ली चकित झाली. भाजीवाली लंकाबाई ओरडली की खिट्टी निघायची, सळकन जाळी आत जायची आणि बनाबाई उंबऱ्यावर हजर. पोस्टमन आला तरी तेच, वर्गणी मागणारी पोरं आली तरी तेच. लंकाबाई म्हणायची, "बने, दर येळी काय उठायचं, आतूनच सांग की भाव." बनाबाई म्हणायची, "आतून सांगनारी मेली." संध्याकाळी मात्र जाळी ओढलेली असायची. डास बाहेर गुणगुणत राहायचे आणि दीपा जाळीला नाक लावून त्यांना वेडावून दाखवायची. एकदा तर बनाबाईनेही दाखवलं. आपल्या घराला त्या बंगल्यासारखी जाळी आहे, हे तिला आता थोडं थोडं मानवू लागलं होतं. अंगणातून येताना ती मुद्दाम तिच्याकडे बघायची.

दिवाळीनंतर एका दुपारी ती गिरणीतून दळण घेऊन आली. जयमाला शाळेतच होती, दीपाची शाळा सकाळची म्हणून ती घरी होती. ऊन टणटणीत होतं. डबा कडेवर, डोक्यावर पदर, कपाळावर पिठाचा हात लागलेला. दार उघडं होतं आणि जाळी ओढलेली. आतून टीव्हीवरच्या बाईचा आवाज येत होता.

"दीपे," बनाबाईने हाक मारली, "सार गं जाळी. वझं हाय."

टीव्हीचा आवाज बंद झाला. आत काळोख होता. त्या काळोखातून नाकातला, वरच्या पट्टीतला आवाज आला.

"कौन है? पीछे से आओ."

बनाबाई वळली. डबा कडेवर सावरून, मान खाली घालून, ती पायरी उतरली आणि घराच्या भिंतीला धरून मागे चालू लागली. आत दीपा खुदुखुदु हसत होती, ते तिला ऐकू आलं नाही. भिंत संपली. मागे शेजाऱ्याचं उभ्या फरश्यांचं कुंपण होतं, त्याच्यात आणि घरात एक बोळ होता, आणि बोळात पाण्याची टाकी. बनाबाई टाकीपाशी उभी राहून दार शोधू लागली. तिथे दार नव्हतं. या घराला मागचं दार नव्हतंच. बांधकामाच्या वेळी गवंड्याने विचारलं होतं, तेव्हा तिनेच सांगितलं होतं, "आमाला मागचं दार नको. येईल ते पुढनं यील."

कितीतरी वेळाने तिला हे आठवलं. डबा तिने टाकीवर ठेवला.

दीपा घाबरून पुढून पळत आली. "आजी, मी मेमसाब झाले होते. तू इकडं कुठं आलीस? इथं दार नाहीये."

बनाबाईने तिला मारलं नाही. ती तिच्यावर ओरडलीही नाही. पोरीला ते शब्द कुणी शिकवले होते? फळीआड उभं राहून, पदर तोंडावर घेऊन, पुन्हा पुन्हा करून कुणी दाखवले होते? आपल्या घरात त्या बाईला आपणच आणून बसवलं, आपल्याच जिभेवर. बनाबाई पुढच्या पायरीवर येऊन बसली ती बसलीच.

जयमाला शाळेतून आली तेव्हा दिवस कलला होता. जाळी सताड उघडी, सासू पायरीवर, पिठाचा डबा जागेवर नाही. ती बोलणार होती. डासांची वेळ झाली होती आणि नियम काही एकट्या सासूचा नव्हता. पण दीपाने आधीच सांगून टाकलं. "आई, आजी मागं गेली. मी नुसतं मेमसाब केलं तर ती खरंच मागं गेली."

जयमाला सासूच्या शेजारी टेकली.

"माझ्या पायांस्नी सांग गं कुनीतरी," बनाबाई म्हणाली, "का ह्ये घर माझं हाय."

जयमालाने तिचा हात हातात घेतला. पीठ वाळून बोटांना चिकटलं होतं.

"म्या तुमाला समद्यांस्नी खोटं सांगितलं. त्या दिशी म्या माघारी न्हाई फिरले. थुकले बी न्हाई. रेडिओ हाय कळल्यावर म्या मागं गेल्ते. मोरीत रातच्या भांड्यांचा ढीग पडलेला. कुनी घास म्हनलं न्हाई. कुनी तिथं हुतंच न्हाई. तरी खाली बसले अन् समदी भांडी घासली म्या. पुसून पालथी घातली. तवर ह्यो हिकडं घरात पडलेला, मानसं जमलेली, समदी इचारत्यात बना कुठं गेली. मेमसाबचा राग कसला, जयमाला. माझा मलाच आला आज. पोर एक शबूद बोलली, अन् निघाली की ही बाई मागं."

जयमाला इतकंच म्हणाली, "त्यांनी लावलेली सवय आहे ती, आत्या. तुमची नाही." आणि ते म्हणताना तिचा आवाज असा फुटला की रस्त्याने जाणारे दोघे वळून पाहू लागले.

अंधार पडायला लागला. दीपा खिट्टीला हात लावून उभी होती, जाळी ओढू की नको म्हणून आईकडे बघत होती. जयमालाने मान हलवली, राहू दे. मग ती उठून टाकीवरचा डबा घेऊन आली, घमेल्यात निखारे काढले, त्यांवर कडुनिंबाचा वाळला पाला टाकला आणि घमेलं उंबऱ्यात ठेवलं. धूर घरभर झाला. प्रवीण कामावरून आला तो खोकतच आत शिरला आणि विचारू लागला, एवढी जाळी घेतली ती काय शोभेला?

"आज राहू दे उघडी," जयमाला म्हणाली. "आत्यांना आत यायचंय."

बनाबाई उठली, पदराने तोंड पुसलं आणि पुढच्या दाराने आत गेली.